हाताने भरलेल्या रायफल काडतुसासाठी गोळी कशी निवडावी

काडतुसे हाताने भरणारा माणूस पुंगळ्या साफ करण्यात, त्यांची लांबी सारखी करण्यात आणि दारू तोलण्यात तासन्‌तास घालवतो, पण गोळी मात्र कोणीतरी सुचवलेली किंवा दुकानात त्या दिवशी मिळालेली घेतो. मला हे नेहमी उलटे वाटत आले आहे. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी, ठिणगी देऊन संपतो, दारू नळीतच जळते, पुंगळी आपल्याच हातात परत येते; लक्ष्यापर्यंत जाते ती एकटी गोळी. त्यामुळे विचाराची सुरुवातही तिथूनच, म्हणजे गोळी जिथे पोहोचणार आहे तिथूनच करायला हवी. तिने कागदाला भोक पाडायचे आहे की जनावराला क्षणात खाली पाडायचे आहे, ते किती अंतरावर, आणि तिथे पोहोचताना तिचा वेग किती उरलेला असेल, हे आधी ठरवावे आणि मग मागे मागे येत आपल्या नळीपर्यंत यावे. निवडीचा हाच क्रम मला बरोबर वाटतो.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो, की बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो, पण या लेखात गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा. पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी मिळून जे होते ते काडतूस. गोळीचे वजन जगभर ग्रेनमध्ये सांगितले जाते. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि साधारण १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. दारूही ग्रेनमध्येच तोलतात, त्यामुळे नवशिक्याने हे दोन आकडे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. काडतुसे भरणे, ती जवळ बाळगणे आणि शिकार करणे या तिन्हींचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जिथे यांतल्या एखाद्या गोष्टीला परवानगी नाही तिथे पुढचे सगळे केवळ माहितीसाठी आहे असे समजावे.

व्यास

काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे गोळीचा व्यास, असे समजून चालणे धोक्याचे आहे. .३०-०६ स्प्रिंगफील्ड, .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्ही काडतुसांत ०.३०८ इंचाचीच गोळी बसते. .२७० विंचेस्टरची गोळी मात्र ०.२७७ इंचाची असते आणि ७ मिलिमीटर म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक काडतुसांची ०.२८४ इंचाची. .३०३ ब्रिटिशला ०.३११ ते ०.३१२ इंचाची गोळी लागते, तिथे ०.३०८ ची बसवली तर ती नळीतले पीळ नीट पकडत नाही आणि कागदावर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पसरतो. याच्या उलट चूक जास्त गंभीर असते. ८ मिलिमीटर माउझरच्या जुन्या रायफलींपैकी काहींच्या नळ्या ०.३१८ इंचाच्या गोळीसाठी आणि नंतरच्या ०.३२३ इंचाच्या गोळीसाठी आहेत. मोठी गोळी अरुंद नळीत ढकलली गेली की दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. वारशाने आलेली किंवा हातोहात फिरलेली रायफल असेल, तर जाणत्या बंदूक कारागिराकडून नळीचे माप करून घ्यावे आणि तोपर्यंत गोळ्यांची पेटी विकत घेऊ नये. घरी आलेल्या पेटीतल्या चारदोन गोळ्या मायक्रोमीटरने मोजून पाहण्याची सवयही चांगली.

नळीसारखे मॅगझिन, म्हणजे काडतुसे साठवण्याची जागा, असलेल्या लिव्हर रायफलींचा (खालची कडी ओढून पुढचे काडतूस भरणाऱ्या) एक वेगळा नियम आहे. त्यांत काडतुसे एकामागे एक उभ्या रांगेत असतात आणि मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते. तिथे अणकुचीदार गोळी वापरली तर झाडल्याच्या धक्क्याने प्रायमर पेटण्याची भीती असते. म्हणून .३०-३० सारख्या काडतुसांसाठी चपट्या टोकाच्या, किंवा खास याच कामासाठी केलेल्या मऊ, लवचीक टोकाच्या गोळ्याच घ्याव्यात.

नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

माझ्या मते निवडीचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. नळीच्या आत कंगोरे आणि खाचा पिळासारख्या फिरत गेलेल्या असतात. ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळेच ती भोवऱ्यासारखी स्थिर राहून टोक पुढे ठेवून उडते. पीळ १:१० आहे याचा अर्थ १० इंच पुढे जाताना गोळी एक पूर्ण फेरा घेते. १:७ म्हणजे वेगवान पीळ, १:१२ म्हणजे संथ.

पिळाशी संबंध असतो तो गोळीच्या लांबीचा. वजनाचा संबंध एवढाच, की एकाच व्यासात वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते. वूलिच येथील लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. व्यासाचा वर्ग करून त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. सगळी मापे इंचात असली की उत्तरही इंचात येते. ०.३०८ इंच व्यासाची आणि १.२ इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर ११.९ च्या जवळ येते, म्हणजे १:१२ ची नळी तिला कशीबशी पुरेल. तीच गोळी १.४ इंच लांब असेल तर उत्तर १०.२ च्या आसपास येते, आणि मग १:१० चीच नळी लागते. हे सूत्र जुन्या आकाराच्या गोळ्यांसाठी होते. आजच्या लांब, निमुळत्या गोळ्यांसाठी डॉन मिलर यांचे सूत्र जास्त भरवशाचे आहे आणि बहुतेक बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर, म्हणजे गोळीच्या उड्डाणाचा हिशेब करणारी साधने, तेच वापरतात. त्यातून स्थिरतेचा एक अंक मिळतो. तो १ च्या खाली असेल तर गोळी उडतानाच लटपटते, १.५ किंवा त्याहून वर असेल तर निर्धास्त राहावे. थंड, दाट हवेत हा अंक घटतो, त्यामुळे उन्हाळ्यात कागदावर ठीक बसलेली गोळी कडाक्याच्या थंडीत बिघडू शकते. जो काठावरच्या अंकावर समाधान मानतो, त्याला हे हमखास भोवते.

अस्थिर गोळी ओळखायला उपकरण लागत नाही. .२२३ च्या एका जुन्या, १:१२ पिळाच्या रायफलीत मी एकदा ७७ ग्रेनच्या गोळ्या भरल्या होत्या, कारण त्या जड गोळ्यांचे कौतुक ऐकले होते. शंभर यार्डांवरचा कागद काढून आणला तेव्हा दोन गोळ्या सापडल्याच नाहीत, आणि ज्या लागल्या होत्या त्यांतल्या एकीचे भोक गोल नव्हते. कागदावर गोळीची अख्खी आडवी आकृती उमटली होती, टोकापासून बुडापर्यंत, कडेला शिशाची करडी पुसट रेघ. गोळी आडवी होऊन कागदातून गेली होती. त्याच रायफलीत ५५ ग्रेनची आखूड गोळी घातली की पाच भोके एका नाण्याखाली झाकली जात. दोष नळीचा नव्हता आणि गोळीचाही नव्हता. त्या दोघींची जोडी जमत नव्हती, एवढेच.

म्हणून पेटी घेण्याआधी आपल्या नळीचा पीळ स्वतः मोजावा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, साफ करण्याच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट बसणारे फडके लावून तो नळीत घालावा, गजावर वरच्या बाजूला पेनाने खूण करावी, नळीच्या तोंडापाशी गजाला चिकटपट्टी लावावी आणि सावकाश ढकलत जावे. वरची खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की तिथे दुसरी पट्टी लावावी. दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे आपला पीळ. नळीवर कोरलेला आकडा आणि हे माप यांत थोडा फरक निघाला तर मापावर विश्वास ठेवावा.

पीळ गरजेपेक्षा वेगवान असणे हे संथ असण्याइतके वाईट नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. वेग फूट प्रति सेकंदात घेऊन ७२० ने गुणावा आणि पिळाच्या इंचांनी भागावा, की गोळीचे मिनिटाचे फेरे मिळतात. ३२०० फूट वेगाची गोळी १:७ च्या नळीतून निघाली तर हा आकडा सुमारे ३ लाख २९ हजार येतो. लहान उपद्रवी प्राण्यांसाठी केलेल्या पातळ जॅकेटच्या, म्हणजे शिशाच्या गाभ्यावरच्या धातूच्या कवचाच्या, गोळ्या इतक्या फिरण्याने हवेतच फुटू शकतात; कागदापुढे करडा धूर दिसतो आणि कागदावर काहीच लागत नाही.

तांब्याच्या अखंड गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिसे तांब्यापेक्षा जड असते. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९ च्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि तिला जास्त वेगवान पीळ लागतो. शिशाची १८० ग्रेनची गोळी वापरणाऱ्याने तांब्याकडे वळताना १५० किंवा १६५ ग्रेनवर उतरायला संकोच करू नये. ती गोळी फुटून वजन गमावत नसल्याने जनावराच्या शरीरात तिचे काम कमी पडत नाही.

शिकारीची गोळी

शिकारीत गोळीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. तिने पुढून छत्रीसारखे उमलावे, म्हणजे जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडते; आणि तिने एकत्र राहून खोलवरही जावे, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचते. लवकर उमलणारी गोळी खोल जात नाही, आणि न उमलणारी आरपार निघून जाते. शिकारीच्या सगळ्या गोळ्या या दोहोंमधली वेगवेगळी तडजोड आहेत.

ही तडजोड डोळ्यांनी पाहायची असेल तर वेगवेगळ्या प्रकारची एकेक सुटी गोळी घेऊन, हातमोजे घालून, शिकंज्यात धरून कानशीने लांबीत अर्धी घासावी. शिशाची पूड श्वासात जाणार नाही अशी काळजी घ्यावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. साध्या गोळीत तांबूस जॅकेटची कड टोकाकडे पातळ आणि बुडाकडे जाड होत गेलेली दिसते आणि आत चकाकता करडा गाभा. जॅकेट बहुधा ९५ टक्के तांबे आणि ५ टक्के जस्ताचे असते. जॅकेट कुठे पातळ केले आहे यावरून गोळी कुठपर्यंत उमलेल ते कळते. काहींच्या मध्यावर आतल्या बाजूने एक कडे असते, जे गाभ्याला धरून ठेवते. एवढे एकदा पाहिले की पेटीवरची जाहिरात वाचण्याची गरज बरीच कमी होते.

साधी, वरून घातलेल्या शिशाची गोळी मध्यम वेगाच्या काडतुसातून हरणाएवढ्या जनावरावर दीडदोनशे यार्डांपर्यंत उत्तम काम करते, स्वस्त असते आणि बहुधा नेमकीही असते. तिची परीक्षा होते ती मॅग्नम, म्हणजे जास्त वेग देणाऱ्या, काडतुसात, जवळच्या अंतरावर आणि खांद्याच्या जाड हाडावर. तिथे ती फुटून विखुरते. जॉन नॉस्लर यांच्या बाबतीत हेच घडले. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे प्रचंड हरणावर, झाडलेल्या त्यांच्या गोळ्या खोल गेल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली गोळी बनवली, जिचा पुढचा भाग उमलतो आणि मागचा गाभा पडद्यामुळे शाबूत राहून पुढे जात राहतो. १९४८ मध्ये त्यांनी ती विकायला सुरुवात केली. ती पार्टिशन गोळी आजही बनते. पुढे गाभा जॅकेटला वितळवून जोडलेल्या बाँडेड गोळ्या आल्या, आणि मग शिसेच नसलेल्या तांब्याच्या अखंड गोळ्या, ज्यांच्या टोकातल्या पोकळीमुळे पुढचा भाग पाकळ्यांसारखा उलगडतो आणि बहुतेक सगळे वजन शाबूत राहते.

यांतली कोणती घ्यावी, हे जनावराच्या आकारापेक्षाही आदळतानाच्या वेगावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक शिकारी गोळीला वेगाची एक खालची मर्यादा असते, जिच्या खाली ती उमलत नाही. अनेक गोळ्यांसाठी ती १८०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास असते. लांब पल्ल्यासाठी मुद्दाम मऊ केलेल्या काही गोळ्या त्याहून बऱ्याच कमी वेगातही उमलतात, तर तांब्याच्या गोळ्यांना सहसा जास्त वेग लागतो. निर्माता ही मर्यादा छापतो. ती वहीत लिहून घ्यावी. मग आपल्या काडतुसाचा प्रत्यक्ष मोजलेला वेग कॅल्क्युलेटरमध्ये घालून, गोळी त्या मर्यादेखाली कोणत्या अंतरावर जाते ते पाहावे, आणि त्याच्या पन्नास यार्ड अलीकडे आपल्या शिकारीची रेषा आखावी. रायफल त्यापुढे कितीही नेमकी मारत असली तरी ती रेषा ओलांडू नये. न उमललेल्या गोळीने जखमी झालेले जनावर मैलभर पळते आणि रात्रभर तळमळत मरते. ज्याने एकदा सकाळी ते माग काढत शोधले आहे त्याला हा नियम कडक वाटणार नाही.

वरच्या टोकालाही मर्यादा असते. लांब पल्ल्यासाठी मऊ केलेली गोळी मॅग्नम काडतुसातून तीस यार्डांवर आदळली तर ती वरवर फुटून मोठी, उथळ जखम करते. दाट झाडीत, जिथे बहुतेक शॉट जवळचे असतात, तिथे बाँडेड, पार्टिशन किंवा अखंड तांब्याची गोळीच घ्यावी. मोकळ्या माळरानावर, जिथे तीनशे यार्डांचा शॉट नेहमीचा आहे, तिथे लवकर उमलणारी. दोन्ही ठिकाणी एकच रायफल न्यायची असेल तर मी बाँडेड गोळीकडे झुकतो, कारण ती दोन्ही टोकांना थोडी कमी पडते, पण फसवत नाही.

वजन ठरवताना सेक्शनल डेन्सिटी नावाचा आकडा उपयोगी पडतो. गोळीचे वजन पौंडात घेऊन त्याला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागले की तो मिळतो. ०.३०८ ची १५० ग्रेनची गोळी ०.२२६ देते, १८० ग्रेनची ०.२७१, आणि ६.५ मिलिमीटर म्हणजे ०.२६४ इंचाची १४० ग्रेनची गोळी ०.२८७. ६.५ मिलिमीटरच्या या अरुंद पण लांब गोळ्या कमी धक्क्यातही खोल का जातात, ते या आकड्यात दिसते. मात्र हा आकडा गोळी उमलण्याआधीचा असतो, म्हणून तो एकाच बांधणीच्या दोन गोळ्यांची तुलना करण्यापुरताच वापरावा.

दोन प्रकारच्या गोळ्या शिकारीला नेऊ नयेत. पूर्ण जॅकेटची, टोकावर शिसे न दिसणारी गोळी उमलत नाही; अनेक ठिकाणी मोठ्या जनावरांवर ती वापरायला बंदीही आहे. आणि स्पर्धेची पोकळ टोकाची गोळी. तिच्या टोकाचे छिद्र पाहून ती उमलेल असे वाटते, पण ते छिद्र केवळ बनवण्याच्या पद्धतीतून राहते, कारण गाभा टोकाच्या बाजूने भरून मग टोक आवळले जाते. अशी गोळी कधी सुईसारखी आरपार जाते, कधी स्फोटासारखी फुटते, आणि कधी काय करेल ते सांगता येत नाही. निर्मात्याने पेटीवर शिकारीसाठी असे स्पष्ट लिहिले नसेल तर ती कागदासाठीच ठेवावी.

शिशाचा प्रश्नही आता टाळता येत नाही. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते. ते खाणाऱ्याच्या पोटात जातात आणि टाकून दिलेल्या आतड्यांतून गिधाडांच्याही. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांच्या विषबाधेनंतर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १ जुलै २०१९ पासून ती राज्यभर पूर्ण लागू आहे. जिथे अशी बंदी नाही तिथेही मांस घरी लहान मुलांना खाऊ घालायचे असेल, तर तांब्याची गोळी वापरण्याचा विचार मनापासून करावा.

निवडलेली गोळी खरोखर उमलते का हे पाहण्यासाठी पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे डबे एकामागे एक ओळीने ठेवून त्यांत गोळी झाडावी, अर्थातच सुरक्षित मातीच्या बांधासमोर. पाणी मांसापेक्षा वेगळे वागते, त्यामुळे ही परीक्षा तुलनेसाठी आहे. सापडलेली गोळी तोलावी, तिचा उमललेला व्यास दोन दिशांनी मोजावा आणि ती त्याच पेटीत चिकटपट्टीने लावून ठेवावी.

नेमबाजीची गोळी

कागदावर मारायच्या गोळीकडून उमलणे, शिरणे यांपैकी काहीच हवे नसते. हवी ती एकच गोष्ट, सारखेपणा. प्रत्येक गोळीच्या जॅकेटची जाडी सगळीकडून सारखी असावी, गाभा मध्यावर असावा, बूड गोळीच्या लांबीशी काटकोनात कापलेले असावे. बुडावर विशेष लक्ष द्यावे, कारण नळीतून बाहेर पडताना वायू शेवटचा धक्का बुडालाच देतात. टोकावरचा बारीकसा दोष गोळी सहन करते, बुडावरचा करत नाही.

शंभर ते दोनशे यार्डांवर सपाट बुडाची गोळी बहुधा निमुळत्या बुडाच्या गोळीइतकीच किंवा जास्तच नेमकी ठरते, आणि जवळच्या अंतरावरचे बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून मारणारे) नेमबाज ती आवडीने वापरतात. निमुळत्या बुडाचा फायदा तीनशे यार्डांपुढे दिसू लागतो. त्यामुळे जो कायम शंभर यार्डांवरच मारतो त्याने लांब पल्ल्याच्या महागड्या गोळ्यांवर खर्च करू नये.

लांब पल्ल्यावर बॅलिस्टिक कोएफिशंट महत्त्वाचा होतो, म्हणजे गोळी हवेचा रोध किती चांगला भेदते याचा आकडा. पेटीवर बहुधा जी१ चा आकडा असतो. जी१ हे मोजमाप सपाट बुडाच्या जुन्या गोळीवर बेतलेले आहे. लांब, निमुळत्या बुडाच्या गोळीसाठी जी७ चा आकडा वापरावा, कारण तो वेगाबरोबर कमी बदलतो. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. जी७ चा आकडा जी१ पेक्षा नेहमी बराच लहान असतो, आणि त्यावरून गोळी वाईट असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. वारा गोळीला किती ढकलतो हे तिच्या एकूण प्रवासवेळेवर ठरत नाही. निर्वात पोकळीत जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा हवेत किती जास्त लागला, त्यावर ठरते. म्हणून हलकी आणि वेगवान गोळी वाऱ्यात कमी वाहते, ही समजूत बऱ्याचदा चुकीची निघते. लहान .२२ रिमफायर काडतुसात आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी वेगवान गोळीपेक्षा वाऱ्यात कमी वाहते, ते याच कारणाने.

आकड्यापलीकडे आकारही पाहावा लागतो. .३०८ साठी १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी बनवलेली होती आणि तिथे ती अप्रतिम आहे; पण हजार यार्डांच्या आसपास तिचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की तिच्या तीव्र निमुळत्या बुडामुळे ती डळमळू लागते. १७५ ग्रेनच्या गोळीचे बूड सौम्य उताराचे आहे आणि ती तोच टप्पा शांतपणे पार करते. वजनातला सात ग्रेनांचा फरक इथे दुय्यम आहे.

मॅच गोळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेच्या, जमेल तेवढ्या एकदम घ्याव्यात. दोन लॉटमध्ये बुडापासून ओजाइव्हपर्यंतचे, म्हणजे जिथे गोळीचा पूर्ण व्यास सुरू होतो तिथपर्यंतचे, अंतर बदलू शकते आणि मग बसवण्याची खोली पुन्हा शोधावी लागते. हे अंतर कॅलिपरला कंपॅरेटर, म्हणजे गोळीच्या बाकावर बसणारा मापाचा जोड, लावून मोजावे. वजनाप्रमाणे निवड करण्यापेक्षा या मापाप्रमाणे केलेली निवड मला जास्त फळली आहे.

गोळी बसवताना

निवडलेली गोळी आपल्या मॅगझिनमध्ये मावते का, हे बऱ्याच जणांना काडतूस भरून झाल्यावरच कळते. लांब गोळी मॅगझिनसाठी खोल बसवली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. तीच फार बाहेर ठेवली आणि कंगोऱ्यांना टेकली तरी दाब वाढतो. काही लांब, टोकदार बाकाच्या गोळ्या कंगोऱ्यांपासूनच्या अंतराला फार नखरेल असतात. सौम्य बाकाच्या गोळ्या समजूतदार असतात. नवशिक्याने दुसऱ्या प्रकारच्या घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की वजन सारखे आहे म्हणून एका गोळीसाठी छापलेले दारूचे प्रमाण दुसरीसाठी वापरू नये. तांब्याची गोळी जास्त लांब आणि कडक असते, नळीशी तिचे घर्षण वेगळे असते. प्रत्येक गोळीसाठी तिच्याच निर्मात्याचे किंवा दारूच्या निर्मात्याचे ताजे मॅन्युअल उघडावे, त्यातल्या सुरुवातीच्या प्रमाणापासून आरंभ करावा आणि दाबाच्या खुणा पाहत सावकाश वर जावे. त्या गोळीसाठी आकडे मिळत नसतील तर ती गोळी घेऊ नये.

चाचणीसाठी एका वेळी दोन किंवा फार तर तीन प्रकारच्या गोळ्या घ्याव्यात. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप फसवतो. पाचपाचचे दोन ग्रुप, किंवा शक्य असेल तर दहाचा एक, खरे चित्र दाखवतो. शंभर मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. शिकारीसाठी एवढा ग्रुप पुरून उरतो, आणि तो मिळाल्यावर शिकाऱ्याने आणखी घट्ट ग्रुपच्या मागे लागण्यापेक्षा गुडघ्यावर, बसून आणि उभ्याने मारण्याचा सराव करावा. शिशाच्या गोळ्यांवरून तांब्याच्या गोळ्यांकडे जाताना नळी आधी उघड्या धातूपर्यंत साफ करावी, नाहीतर पहिल्या काही गोळ्यांवरून उगाच वाईट मत बनते.

टेबलावर एका वेळी गोळ्यांची एकच पेटी उघडी असावी. ०.३०८ आणि ०.३११ च्या गोळ्या सुट्या पडल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. शिल्लक गोळ्या मूळ पेटीतच परत ठेवाव्यात, पेटीवर लॉटचा क्रमांक, कंगोऱ्यांना टेकण्याची लांबी आणि उमलण्याची वेगमर्यादा लिहावी, आणि जिच्यावरचे लेबल निघाले आहे अशा पेटीतली गोळी मायक्रोमीटर आणि वजनकाटा यांच्याखालून गेल्याशिवाय पुंगळीत बसवू नये.